शहरातल्या हॉटेलात मुलांना खेळायला खरंच जागा आहे का, हे बुकिंगआधी कसं ओळखायचं?

दोघांची_आई

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात नवऱ्याची चार दिवसांची कॉन्फरन्स आहे आणि या वेळी आम्ही तिघंही सोबत जायचं ठरवलंय. तो सकाळी गेला की संध्याकाळीच उगवणार, म्हणजे दिवसभर मी आणि दोन पोरं, मोठा ७ वर्षांचा आणि धाकटी अडीचची. हॉटेल शहराच्या अगदी मध्यात हवंय कारण कॉन्फरन्स तिथेच आहे, आणि आजूबाजूला सगळे ऑफिसचे टॉवर नि मोठमोठे रस्ते. रिसॉर्ट असतं तर विचारलंच नसतं, तिथे पोरांना सोडायला निदान लॉन तरी असतं.

मागच्या वेळचा अनुभव फार वाईट होता म्हणून आधीच विचारतेय. वेबसाइटवर ठळक लिहिलेलं की किड्स प्ले एरिया आहे, फोटोत मस्त रंगीत घसरगुंडी, म्हणून थोडे जास्त पैसे देऊन तेच बुक केलं. प्रत्यक्षात जिन्याखाली एक कोपरा, एक प्लास्टिकचं घर त्याचं दार निखळलेलं, आणि खाली गुळगुळीत फरशी. तेही दुपारभर कुलूपबंद. आणि उघडल्यावर मोठ्याला म्हणाले पाच वर्षांवरच्या मुलांना आत सोडत नाही. बहीण आत खेळतेय आणि हा काचेला नाक लावून उभा, ते दृश्य अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

तर प्रश्न असा की बुक करायच्या आधी नेमकं काय विचारायचं, कुणाला विचारायचं, आणि फोटो बघून काही कळतं का? दोन वेगळ्या वयाची मुलं घेऊन राहिलेल्यांनी जरूर लिहा.

काउंटरमागचा

ताई, मी आठ वर्षं हॉटेलच्या रिसेप्शनवर काढलीत त्यामुळे दुसऱ्या बाजूने सांगतो. वेबसाइटवरचे फोटो बहुतेक वेळा हॉटेल नवीन असतानाचे असतात आणि बुकिंग साइटवर प्ले एरिया म्हणून जी टिक असते ती एका टेबल-खुर्चीलाही लागते आणि अख्ख्या मजल्यालाही लागते. त्यामुळे त्या दोन शब्दांवर विसंबूच नका. पाहुण्यांनी टाकलेले फोटो बघा, तेही सगळ्यात नवीन आधी असं लावून, आणि रिव्ह्यूमध्ये फक्त कुटुंबांचे निवडता येतात ते निवडा. चार-सहा महिन्यांत एकाही आईबापाने खेळायच्या जागेचा फोटो टाकलेला नसेल तर तिथे टाकण्यासारखं काही नाही असं समजायला हरकत नाही.

मग फोन. पण कॉल सेंटरला नाही, थेट त्या हॉटेलच्या रिसेप्शनला. सकाळी चेक-आउटची आणि दुपारी चेक-इनची गडबड असते तेव्हा कुणीही नीट बोलणार नाही, संध्याकाळी उशिरा करा. प्ले एरिया आहे का असं विचारू नका, उत्तर हो असंच येतं. असं विचारा की आत्ता तिथे काय काय आहे, वेळ काय, किती वयापर्यंत सोडता, आमच्या तारखांना काही दुरुस्ती किंवा कार्यक्रम आहे का. हे शेवटचं विसरू नका. आमच्याकडे कुणाची पार्टी असली की खेळायची खोली त्यांना द्यायचे आणि राहणाऱ्या मुलांना बाहेर थांबवायचे, मला ते सांगताना खरंच वाईट वाटायचं. आणि ती जागा हॉटेलची स्वतःची की शेजारच्या मॉलची तेही विचारा, मॉलची असेल तर दर वेळी वेगळं तिकीट पडतं. शेवटी सांगा की मोबाइलवर आजचा एक फोटो काढून पाठवाल का. ज्यांच्याकडे खरंच चांगली जागा आहे ते लगेच पाठवतात.

अजून एक, मुलांची वयं बुकिंगमध्ये खरी भरा, चेक-इनच्या दिवशी जे वय असेल ते. आणि फॅमिली रूम मिळत नसेल तर कनेक्टिंग रूम मागा. शेजारच्या रूम म्हणजे कनेक्टिंग नव्हे, शेजारच्या रूममध्ये जायला कॉरिडॉरमधून जावं लागतं, कनेक्टिंगमध्ये आतून दार असतं. यात फार लोक फसतात.

झोके_बसवणारा

माझं काम खेळण्यांची उपकरणं बसवायचं आहे, बागा, शाळा, हॉटेलं सगळीकडे. लोक घसरगुंडी किती मोठी ते बघतात, मी आधी खाली बघतो. ताईंनी फरशी म्हटलं तिथेच मला धस्स झालं. उपकरणांवर होणाऱ्या दुखापतींमध्ये सगळ्यात मोठा वाटा पडण्याचा असतो, त्यामुळे खाली काय आहे हा पहिला प्रश्न. काँक्रीट, टाइल, डांबर यावर चढायचं कुठलंही खेळणं नको, आणि त्यावर नुसतं पातळ हिरवं कृत्रिम गवत अंथरलं असेल तरी ते काँक्रीटच आहे. फोटोत गवत दिसलं म्हणून फसू नका. रबराची जाड टाइल किंवा ओतीव रबर पाहिजे, पायाने दाबलं की थोडं दबतं. वाळू किंवा लाकडाचे बारीक तुकडे असतील तर अमेरिकेच्या कन्झ्युमर प्रॉडक्ट सेफ्टी कमिशनच्या मार्गदर्शिकेत साधारण ९ इंच खोली सांगितली आहे आणि उपकरणाच्या चारी बाजूंना ६ फूट मोकळी जागा. युरोपात यासाठी ईएन ११७६ आणि ईएन ११७७ ही मानकं आहेत, चांगल्या कंपनीच्या उपकरणावर मानकाचा उल्लेख आणि कुठल्या वयासाठी आहे ते छापलेली पट्टी असते, ती शोधा.

फटी बघा. कठड्याच्या गजांमधली किंवा शिडीच्या दोन पायऱ्यांमधली फट साडेतीन इंचांपेक्षा मोठी आणि ९ इंचांपेक्षा लहान असेल तर लहान मुलाचं अंग त्यातून जातं आणि डोकं अडकतं. हे वाचायला साधं वाटतं पण यात जीव गेलेत. त्याच कारणाने हुडीची दोरी, ओढणी, गळ्यातलं काहीही असेल ते खेळायच्या आधी काढून ठेवा.

वयाचं म्हणाल तर त्यांनी तुमच्या मुलाला अडवलं त्यामागे कारण असतं, २ ते ५ आणि ५ ते १२ अशी उपकरणं वेगळी बनवतात आणि मोठी मुलं धावत असताना छोटी मध्ये आली की तीच चेंगरतात. पण मग मोठ्यांसाठी दुसरा भाग हवा ना! तो नसेल तर ती जागा अर्धीच आहे असं माझं मत. तेव्हा विचारताना दोन भाग वेगळे आहेत का, मध्ये कठडा आहे का, हे विचारा.

आणि कृपा करून अडीच वर्षांच्या मुलीला मांडीवर घेऊन घसरगुंडीवरून येऊ नका. मुलाचा पाय कडेला अडकतो आणि मोठ्या माणसाचं सगळं वजन मागून खाली येत राहतं, नडगीचं हाड मोडतं. एकटं आलं तर पाय अडकला तरी ते नुसतं थांबतं. आईबाप काळजीपोटीच मांडीवर घेतात म्हणून मला हे सगळ्यांना सांगावंसं वाटतं.

रोजची_बाग

मी थोडं उलट सांगते. आम्ही तीन मुलं घेऊन बरंच फिरलोय आणि आता मी हॉटेलातल्या प्ले एरियाकडे बघतच नाही. नकाशावर सॅटेलाइट व्ह्यू लावायचा आणि पायी दहा मिनिटांच्या आत सार्वजनिक बाग आहे का ते बघायचं, मग स्ट्रीट व्ह्यूवर तो रस्ता चालून बघायचा, फुटपाथ सलग आहे का, मोठा रस्ता ओलांडायला सिग्नल आहे का. बागेत जागा मोठी, इतर मुलं भेटतात, आणि मोठ्या मुलाला पळायला मिळतं जे कुठल्याही खोलीत मिळत नाही. उरलेले पैसे मोठ्या रूमसाठी. पोरं दिवसाचे निम्मे तास रूममध्येच असतात, तिथे पलंगाभोवती चालायलाही जागा नसेल तर खाली कितीही मोठा बॉल पिट असो, तुमचं डोकं फिरणारच.

दोघांची_आई

@रोजची_बाग, पटतंय तुमचं, पण धाकटी दुपारी झोपते आणि मी एकटी, तिला उचलून मोठ्याला घेऊन बागेत जाणं रोज जमेल असं वाटत नाही. लिफ्टने खाली गेलं की खेळायला मिळावं एवढीच इच्छा. @झोके_बसवणारा, मांडीवर घेऊन मी कितीतरी वेळा आलेय हो, अंगावर काटाच आला वाचून. फार आभार.

एका हॉटेलात स्विमिंग पूल आहे, मुलांचा वेगळा आहे असं लिहिलंय. दुसऱ्याकडे ट्रॅम्पोलिन आणि बॉल पिट. कुठलं बरं?

नातवंडांचे_आजोबा

मी आजोबा आहे, दोन नातवांना सांभाळत हॉटेलात बसणारा माणूस मीच असतो, म्हणून एक गोष्ट सांगतो जी तरुण मंडळी विचारत नाहीत. एका जागी बसून दोन्ही मुलं दिसतात का? एकदा मोठ्याचा भाग खांबाच्या पलीकडे आणि छोट्याचा अलीकडे, मी पूर्ण वेळ उभ्याने येरझाऱ्या घातल्या. तुम्ही एकट्या आहात, तुम्हाला हे सगळ्यात महत्त्वाचं. त्या जागेतून बाहेर पडायचं दार किती आणि ते कुठे उघडतं हेही बघा, शहरातल्या हॉटेलात कित्येकदा दारापासून दहा पावलांवर गाड्या येण्याजाण्याचा रस्ता असतो. दार मुलाला ढकलून उघडता येऊ नये. आणि जवळ टॉयलेट हवं. सातवा मजला गाठेपर्यंत अडीच वर्षांचं मूल थांबत नाही.

रात्रपाळीची_नर्स

मुलांच्या वॉर्डात काम करते त्यामुळे थोडं स्पष्टच लिहिते. ट्रॅम्पोलिन अडीच वर्षांच्या मुलीला नकोच. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं म्हणणं आहे की त्यावरच्या सुमारे तीन चतुर्थांश दुखापती एका वेळी एकापेक्षा जास्त जण उड्या मारत असताना होतात आणि त्यात सगळ्यात छोट्यालाच जास्त लागतं, ६ वर्षांखालच्यांनी वापरूच नये. भाऊबहीण एकत्र उड्या मारणार म्हणजे नेमका तोच प्रकार. मोठ्याला एकट्याला आणि तुम्ही शेजारी असाल तरच.

बॉल पिटबद्दल विचारायचं की बॉल कधी आणि कसे धुता. उत्तर द्यायला अडखळले तर समजून घ्या. बाहेर आल्यावर साबण-पाण्याने हात धुवा, नुसतं सॅनिटायझर चालत नाही कारण उलटी-जुलाबाचा नोरोव्हायरस त्याने नीट मरत नाही.

पूल मला आवडतो पण एकट्या आईला दोन मुलं, त्यातलं एक अडीचचं, हे कठीण आहे. लहान मुलं बुडतात ती आरडाओरडा करून नाही, आवाजच येत नाही, आणि वेळ फार कमी असतो. पाण्यात असताना धाकटी कायम तुमच्या हाताच्या अंतरावर हवी, दंडातले फुगे म्हणजे लाइफ जॅकेट नव्हे. पुलाला चारी बाजूंनी निदान ४ फुटी कुंपण आणि आपोआप बंद होऊन कडी लागणारं दार आहे का विचारा. मला विचाराल तर पुलात संध्याकाळी नवरा आल्यावरच जा. गरम पाण्याच्या टबात ५ वर्षांखालचं मूल नको. आणि कुणालाही नुकते जुलाब झाले असतील तर पूल नको, काही जंतू क्लोरीनच्या पाण्यातही कित्येक दिवस जगतात.

रूममध्ये पाऊल टाकल्याबरोबर सामान ठेवायच्या आधी गुडघ्यांवर बसून बघा. पडद्याच्या लोंबणाऱ्या दोऱ्या वर बांधा, बाल्कनीच्या गजांतली फट ४ इंचांपेक्षा जास्त नको, बाल्कनीतली खुर्ची आत आणून ठेवा म्हणजे चढता येणार नाही, आणि नळाचं गरम पाणी आधी स्वतःच्या हातावर. हॉटेलातलं पाणी घरच्यापेक्षा कितीतरी जास्त तापलेलं असू शकतं, ६० अंशांचं पाणी काही सेकंदांत पोळतं.

दोघांची_आई

सगळ्यांना मनापासून धन्यवाद, काल रात्री दोन्ही ठिकाणी फोन केला. पूलवाल्यांनी सगळं आहे मॅडम, सगळं आहे एवढंच सांगितलं, फोटो मागितला तर वेबसाइट बघा म्हणाले. दुसरीकडच्या मुलीने पाऊण तासात छोटा व्हिडिओच पाठवला. खाली रबर आहे, तिने स्वतः पायाने दाबून दाखवलं! दोन भाग आहेत, मध्ये कंबरेएवढा कठडा, आणि बाक अशा जागी की दोन्हीकडे दिसतं. ट्रॅम्पोलिन मोठ्यांच्या भागात आहे, एका वेळी एकच मूल. तिने स्वतःहून सांगितलं की आमच्या तारखांमध्ये मंगळवारी सकाळी बॉल धुवायला खोली बंद असते. ते ऐकून माझा निर्णयच झाला, बुक केलं. मंगळवारी बागेत जाऊ, सिग्नलचा रस्ता बघून ठेवलाय.

एकच राहिलं. बाळाची कॉट विनंती केल्यास उपलब्ध असं लिहिलंय, ती मिळतेच का?

काउंटरमागचा

नेहमी नाही ताई. विनंती म्हणजे आश्वासन नव्हे, कॉट मोजक्याच असतात आणि आधी मागेल त्याला जातात. ईमेलवर लेखी होकार घ्या आणि जायच्या आदल्या दिवशी परत फोन करा. पण अडीच वर्षांच्या मुलीला कॉट हवीच का ते आधी बघा, साधारण ३५ इंच म्हणजे ८९ सेंटिमीटर उंची झाली किंवा मूल कठड्यावर चढायला लागलं की कॉटच जास्त धोक्याची, वरून पडतं. त्यापेक्षा जमिनीवर वेगळी गादी मागा, ती बहुतेक ठिकाणी देतात.

दोघांची_आई

आत्ताच भिंतीला उभी करून मोजली, ९१ भरली. गादीच सांगते.