वॉशिंग मशीनच्या मोटरवर डिस्क सँडर बनवतोय, वायरिंग आणि स्पीडबद्दल मदत हवी

सुतारपक्षी:
नमस्कार मंडळी. आमची जुनी सेमी ऑटोमॅटिक मशीन टबखालून गळायला लागली म्हणून भंगारात द्यायची ठरली, मी त्याआधी मोटर काढून घेतली. वॉशची मोटर आहे, प्लेटवर १३५० आरपीएम. ८ इंची प्लायची चकती बसवून सँडर (सँडपेपरने लाकूड घासायचं यंत्र) करायचाय आणि जमलं तर पटाशा पण त्यावरच घासायच्यात. पण वायरी तीनच आहेत, रंग उडालेत, आणि दोन वायरींना फेज-न्यूट्रल दिलं की नुसती हूंऽऽ करते, शाफ्ट हाताने फिरवला की ज्या बाजूला ढकलू तिकडे पळते. जळालीय का?

वाइंडिंगवाला:
जळाली नाही, कपॅसिटर (मोटरला एका दिशेने फिरायला लावणारा छोटा डबा) नाहीये म्हणून तसं होतंय. आणि पुन्हा करंट चालू असताना शाफ्टला हात लावू नका. प्लग काढून मल्टिमीटर ओहमवर ठेवा आणि तिन्ही जोड्या मोजा, जिथे आकडा सगळ्यात जास्त येईल त्या दोन वायरींच्या मध्ये कपॅसिटर. उरलेली कॉमन, तिला न्यूट्रल. फेज कपॅसिटरच्या कुठल्याही एका टोकाला द्या, टोक बदललं की मोटर उलटी फिरते, मशीनमध्ये टायमर हेच तर करत असतो. कपॅसिटर त्याच मशीनचा काढा, नवीन घेतलात तर व्हॅल्यू तीच ठेवा. स्पिनच्या मोटरला मात्र हा उलटसुलट प्रकार करू नका, तिची दोन वाइंडिंग, म्हणजे आतल्या तारेच्या गुंडाळ्या, सारखी नसतात.

रंधा_पटाशी:
स्पीड पुरेल. ८ इंची चकतीची कड १३५० ला मिनिटाला साधारण ८५० मीटर पळते, ४ इंची हँड ग्राइंडरची ११००० ला जवळपास चौपट. लाकूड जरा सावकाश घासलं जाईल पण पटाशीला हेच बरं, पातं तापून धार निळी पडली की पोलाद मऊ झालंच म्हणून समजा.

माझी पहिली चकती मी मोटरच्या पुलीवरच स्क्रूने आवळली होती, इतकी लचकायची की जॉबवर, म्हणजे घासायच्या तुकड्यावर, लाटा उठायच्या. नंतर लेथवाल्याकडून शाफ्टच्या मापाचा फ्लँज (चकती बसवायची लोखंडी बैठक) करून घेतला, दोन ग्रब स्क्रूचा (शाफ्टवर आवळायचे बिनडोक्याचे स्क्रू), आणि चकती मोटरवर चढवून, फिरत असतानाच टेकूवर पटाशी धरून कड गोल केली. तेव्हा कुठे ती सरळ झाली. काम नेहमी चकती खाली जाते त्या बाजूलाच करा, म्हणजे जॉब टेबलावर दाबला जातो.

वाइंडिंगवाला:
अर्थिंग राहिलं सांगायचं. मशीनमध्ये मोटर प्लास्टिकच्या आत झाकलेली असते, आता ती तुमच्या हाताशी येणार, तेव्हा बॉडीला अर्थ, थ्री पिन, आणि लाइनवर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) हवीच. ही मोटर उघडी असते, भुसा वाइंडिंगवर बसतो, मध्ये आडवा पत्रा लावा. सलग तासभर चालवू नका, १५ मिनिटांच्या टायमरवर चालायची सवय आहे तिला.

सुतारपक्षी:
चालली!! २८, २८ आणि ५६ ओहम आले, ५६ वाल्या जोडीत कपॅसिटर टाकला, पहिल्या झटक्यात सुरू. बंद पडलेला मायक्रोवेव्ह पण पडलाय घरात, त्याच्या ट्रान्सफॉर्मरचं स्पॉट वेल्डर होतं म्हणतात?

रंधा_पटाशी:
त्याला हात लावू नका दादा. त्यातून २००० व्होल्टच्या आसपास निघतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये करंट राहू शकतो, तिथे चुकीला जागाच नाही. आधी फ्लँज करून घ्या, शाफ्ट व्हर्नियरने मोजून लेथवाल्याला माप द्या, जमलं तर मोटरच घेऊन जा.