एक लिआंगचं चिनी नाणं, खरं असेल का?

ड्रॅगनवेडा:
नमस्कार मंडळी, जुन्या नाण्यांच्या एका लॉटमध्ये एक मोठं चांदीचं नाणं आलंय, एका बाजूला ड्रॅगन आणि इंग्रजीत 'हू पू (महसूल खातं), क्वांग शू बादशहाचं २९वं वर्ष', दुसऱ्या बाजूला चिनी अक्षरं, त्यात खाली 'कूपिंग एक लिआंग' लिहिलंय असं शोधून कळलं. म्हणजे १९०३चं, आणि हे चलनात न आलेलं पॅटर्न, म्हणजे नमुन्यादाखल पाडलेलं नाणं आहे म्हणे. खरं निघालं तर लॉटरीच की! वजन २६.४ ग्रॅम भरलं. फोटो टाकू का?

जुनीटाकसाळ:
फोटो राहू दे, आधी वजनाचंच बघा. कूपिंग लिआंग म्हणजे सरकारी खजिन्याचं माप, साधारण ३७.३ ग्रॅम. तुमचं भरतंय २६.४, म्हणजे जवळजवळ ७ छिएन २ फन (छिएन म्हणजे लिआंगचा दहावा भाग, फन शंभरावा), ते तर चांदीच्या मेक्सिकन डॉलरचं वजन झालं! नकली पाडणाऱ्याने डॉलरच्या मापाच्या चकतीवर लिआंगचा ठसा हाणलाय, एवढाही विचार केला नाही बिचाऱ्याने.

चांदीवाला:
+१. मुळात ही पॅटर्न निघाली कशाला, तर चांदीचं नाणं लिआंगचं असावं की मेक्सिकन डॉलरच्या वजनाचं, यावर चीनच्या छिंग दरबारात वर्षानुवर्षं वाद चालला होता, १९०५ साली लिआंग ठरलं आणि १९१० साली पलटी मारून युआन, म्हणजे डॉलर, ७ छिएन २ फन, ९० टक्के चांदी. मग १९११ची ड्रॅगनवाली डॉलर पॅटर्न आली, लांब मिशांचा वगैरे, त्यातल्या काहींवर तिआनजिन टाकसाळीच्या इटालियन खोदकाम करणाऱ्या जॉर्जीची सही आहे. तोवर राजवटच गेली :)

ड्रॅगनवेडा:
अरेरे. पण चांदी तरी असेल ना?

जुनीटाकसाळ:
काट्यावर पाण्याचा पेला ठेवा, शून्य करा, नाणं दोऱ्याला बांधून पूर्ण बुडवा पण तळाला टेकू देऊ नका. काटा नाण्याने सारलेल्या पाण्याचं वजन दाखवतो; ९० टक्के चांदी असेल तर ते २.६ च्या आसपास येईल.

ड्रॅगनवेडा:
३.१ आलं. दोनदा केलं.

चांदीवाला:
म्हणजे घनता २६.४ भागिले ३.१, ८.५, पितळेच्या आसपास. ड्रॅगन मात्र छान खोदलाय हां.