‘पुट ऑफ’ म्हणजे नुसते ‘पोस्टपोन’ का?

शब्दसोबती (धागा)

इंग्रजीतील ‘पुट ऑफ’ या क्रियापदापुढे ‘पोस्टपोन, पुढे ढकलणे’ एवढेच लिहून विद्यार्थ्यांकडून ते पाठ करून घेण्याची रूढ पद्धत बंद व्हावी, असे माझे स्पष्ट मत आहे. मी भाषांतराचे काम करते. गेल्या महिन्यात एका नवोदित सहकाऱ्याचा मसुदा तपासताना ‘लांबलचक अर्जामुळे अनेक अर्जदारांना पुढे ढकलण्यात आले’ असे वाक्य समोर आले. मूळ वाक्य होते, ‘मेनी अ‍ॅप्लिकंट्स वेअर पुट ऑफ बाय द लाँग फॉर्म.’ तेथे कोणी कोणाला ढकलले नव्हते. अर्जाची लांबी पाहूनच अनेकांचा उत्साह मावळला होता. सहकारी हुशार आणि कष्टाळू आहे. चूक त्याची नाही, शाळेत पाठ केलेल्या यादीची आहे.

या क्रियापदाचे कर्म बदलले की अर्थ बदलतो, आणि हे यादीत कोठेच सांगितलेले नसते. बैठक ‘पुट ऑफ’ केली तर ती लांबणीवर पडते. पैसे मागायला आलेल्या माणसाला ‘पुट ऑफ’ केले तर काहीतरी सबब सांगून त्याची बोळवण केली जाते. एखाद्या वासाने मला ‘पुट ऑफ’ केले तर माझी अन्नावरची वासना उडते. मी नेम धरत असताना शेजारच्याच्या बडबडीने मला ‘पुट ऑफ’ केले तर माझे लक्ष विचलित होते. हा शेवटचा अर्थ प्रामुख्याने ब्रिटिश वापरातला. चारही ठिकाणी ‘ऑफ’चा भाव एकच आहे, तो म्हणजे दूर सारण्याचा: काम काळाने दूर जाते, माणूस दाराशी थोपवला जातो, मन वस्तूपासून दूर होते, लक्ष नेमापासून दूर होते. तो भाव एकदा मनात ठसवला तर यादीची गरज उरत नाही.

जुना मास्तर

आपली तळमळ समजते, पण निष्कर्ष मान्य नाही. ‘ऑफ म्हणजे दूर’ हे सूत्र अर्थ आधीच ठाऊक असलेल्या माणसाला पटते. ज्याला तो ठाऊक नाही, त्याला ते वाटेवर आणून सोडून देते. ‘गो ऑफ’ घ्या. दिवा ‘गोज ऑफ’ म्हणजे विझतो आणि गजर ‘गोज ऑफ’ म्हणजे वाजू लागतो. दूध नासते तेही ‘गो ऑफ’, बॉम्ब फुटतो तेही ‘गो ऑफ’. एक गोष्ट थांबते, दुसरी सुरू होते आणि क्रियापद मात्र तेच. ‘दूर’ या एका शब्दावरून विद्यार्थ्याने यातले काय ओळखायचे?

सॅम्युएल जॉन्सनने 1755 च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत क्रियापदाला असा लहान शब्द जोडून अर्थ पालटण्याच्या या प्रकाराचा मुद्दाम उल्लेख केला आहे आणि परकीयांना सर्वांत जास्त अडचण यातूनच येते, असे म्हटले आहे. पुढे त्याने काय केले? ‘टेक ऑफ’ म्हणजे नक्कल करणे, ‘सेट आउट’ म्हणजे प्रवासाला निघणे, अशी एकेकाची थोडक्यात फोड करून दिली. त्यालाही यादीच करावी लागली. अनेक वर्षे वर्गात उभे राहिल्यावर मी एवढे सांगू शकतो की, मुलाच्या हाती आधी एक खुंटी द्यावी लागते. बाकीचे अर्थ तो वाचता वाचता तिच्यावर टांगत जातो.

कानामात्रा

समानार्थी शब्दांची यादी हवी, पण ती खरी असावी, असे मला वाटते. ‘पोस्टपोन’, ‘डिले’, ‘डिफर’ आणि ‘पुट ऑफ’ हे एका ओळीत लिहिले जातात, मात्र ते एकमेकांच्या जागी बसत नाहीत. गाडीला उशीर झाला तर ती ‘डिलेड’ असते. ती ‘पुट ऑफ’ झाली असे कोणी म्हणत नाही, कारण ‘पुट ऑफ’मध्ये कोणीतरी जाणूनबुजून ढकलणारा असावा लागतो. ‘पोस्टपोन’ सूचनाफलकावर शोभते, ‘डिफर’ औपचारिक पत्रव्यवहारात, आणि ‘पुट ऑफ’ बोलण्यात. शिवाय ‘पुट ऑफ’मध्ये पुष्कळदा नकोसेपणाची छटा असते. दातांच्या डॉक्टरकडे जाणे माणूस ‘पुट ऑफ’ करतो, तेव्हा त्याला आपण मराठीत ‘चालढकल’ म्हणतो, ‘स्थगिती’ म्हणत नाही. ‘कॉल ऑफ’ला तर या ओळीत जागाच नको, कारण तेथे बेत लांबत नाही, रद्द होतो.

परीक्षार्थी

मला मास्तरांचेच म्हणणे पटते. प्रश्नपत्रिकेत अधोरेखित शब्दाला पर्याय विचारतात, छटा विचारत नाहीत, आणि दोनशे क्रियापदांचे भाव मनात ठसवण्याइतका वेळ आमच्याकडे नसतो.

शब्दसोबती

मास्तर, गजराचे उदाहरण बिनतोड आहे. एका भावातून सगळे उलगडते हा माझा दावा फार मोठा होता. तो मी मागे घेते. तरीही आपल्याच भाषेकडे पाहा. ‘बोलून टाकले’, ‘बोलून गेलो’, ‘बोलून बसलो’, ‘बोलून दाखवले’ यांचा अर्थ मराठी शिकणाऱ्याला आपण कसा सांगू? पहिल्यात मन मोकळे होते, दुसऱ्यात शब्द नकळत निसटतात, तिसऱ्यात पश्चात्ताप असतो आणि चौथ्यात मनातले मुद्दाम उघड केलेले असते. या चौघांपुढे ‘बोलणे’ असा एकच समानार्थी शब्द लिहिला तर आपल्याला तो अन्याय वाटेल. मग तोच अन्याय इंग्रजीवर का करावा?

जुना मास्तर

उदाहरण सुंदर आहे, पण ते नेमके माझ्या बाजूने साक्ष देते. ‘बोलून टाकले’ यात बोलणे शाबूत असते. सहायक क्रियापद फक्त त्यावर रंग चढवते. नवख्याला रंग कळला नाही, तरी कोणीतरी बोलले एवढे कळते. ‘पुट ऑफ’मध्ये ‘ठेवणे’ कोठे उरले? मुख्य अर्थच नाहीसा होतो, म्हणून तेथे कोशाचा हात धरावाच लागतो. या दोन्हींना एकाच तराजूत घालता येणार नाही.

कानामात्रा

हा फरक खरा आहे, परंतु तो सर्वत्र सारखा नाही. ‘सिट डाउन’मध्ये बसणे शाबूत आहे, ‘ईट अप’मध्ये खाणे आहे आणि ‘अप’मुळे ते संपवल्याची छटा येते, अगदी आपल्या ‘खाऊन टाक’सारखी. ‘पुट ऑफ’ दुसऱ्या टोकाला आहे. एक गोष्ट मात्र यादीत कधीच येत नाही, ती म्हणजे सर्वनामाची जागा. ‘पुट इट ऑफ’ म्हणावे लागते, ‘पुट ऑफ इट’ चालत नाही. आणि पुढे दुसरे क्रियापद आले तर ‘पुट ऑफ गोइंग’ हवे, ‘पुट ऑफ टू गो’ नव्हे. ‘पोस्टपोन’ पाठ करणारा येथेच अडखळतो, कारण ‘पोस्टपोन इट’ हे अगदी बरोबर असते आणि तोच साचा तो इकडे लावतो.

परीक्षार्थी

ही चूक मी केलेली आहे. वाक्य दुरुस्त करण्याच्या प्रश्नात ‘पुट ऑफ इट’ मला बरोबर वाटले होते आणि गुण गेले होते. यादीत अर्थ होता, वाक्य नव्हते.

जुना मास्तर

मग माझ्या यादीत एक रकाना वाढवायला मी तयार आहे. डावीकडे क्रियापद, मध्ये एक समानार्थी शब्द, उजवीकडे सर्वनाम घातलेले एक पूर्ण वाक्य. मात्र मधला शब्द मी काढणार नाही.

शब्दसोबती

तो शब्द राहू द्या, पण त्याच्या शेजारी ‘काम, बैठक, तारीख यांसाठी’ असे लिहा आणि खाली ‘माणूस कर्म असेल तर’ म्हणून दुसरी ओळ सोडा: बोळवण करणे, मन उडवणे, लक्ष विचलित करणे. माझ्या सहकाऱ्याच्या वहीत ही दुसरी ओळ असती, तर अर्जदारांना कोणी पुढे ढकलले नसते.