केईएम आणि जी. एस. : एका आवारात दोन नावे का?

गिरणगावकर (प्रश्न)
परळच्या रुग्णालयात मिळणाऱ्या केसपेपरवर ‘केईएम’ (किंग एडवर्ड मेमोरियल) छापलेले असते. त्याच आवारात शिकणारी मुले मात्र स्वतःला ‘जीएस’ची म्हणवतात. एक नाव इंग्लंडच्या राजाचे, दुसरे मुंबईतल्या शेठजींचे आणि कारभार महानगरपालिकेचा, हे तिहेरी नाते कसे जुळले असावे? देणगी केवळ नाव लागावे म्हणून दिलेली होती, की तिच्यामागे काही हेतू होता?

जुनी पाने
सातवा एडवर्ड १९१० मध्ये वारला, त्यानंतर मुंबईत त्याच्या स्मारकासाठी लोकवर्गणी जमली आणि त्या निधीतून रुग्णालय बांधावे असे ठरले. केईएममधला ‘मेमोरियल’ हा शब्द त्या वर्गणीची खूण आहे. महाविद्यालयासाठी पैसा आला तो शेठ गोवर्धनदास सुंदरदास यांच्या मालमत्तेच्या विश्वस्तांकडून, आणि तुमच्या प्रश्नाचे खरे उत्तर त्यांनी घातलेल्या अटीत आहे. तेथील अध्यापक पात्रताधारक भारतीयच असावेत, तेही सरकारी नोकरीत नसलेले, असा त्यांचा आग्रह होता. त्या काळी सरकारी ग्रँट मेडिकल कॉलेजातील प्राध्यापकपदे प्रामुख्याने इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या (ब्रिटिश सरकारच्या वैद्यकीय सेवेच्या) अधिकाऱ्यांकडे जात आणि कितीही विद्वान असला तरी स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्या भारतीय डॉक्टराला तेथे वरच्या जागी वाव नसे. महाविद्यालय १९२५ मध्ये आणि रुग्णालय १९२६ मध्ये सुरू झाले. राजाच्या नावाच्या रुग्णालयात राजाच्याच नोकरशाहीला दार बंद, हा विरोधाभास मला तरी फार गमतीचा वाटतो.

गिरणगावकर
सविस्तर उत्तराबद्दल आभार. मग जे. जे. रुग्णालयाच्या देणगीला अशी अट का नव्हती? सर जमशेटजींचे दानही काही लहान नव्हते.

चाफा
लहान मुळीच नव्हते. जमशेटजी जीजीभाईंनी १ लाख रुपये दिले, कंपनी सरकारनेही तेवढीच भर घातली आणि १८४५ मध्ये रुग्णालय उभे राहिले. शेजारचे ग्रँट मेडिकल कॉलेज गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट यांच्या स्मरणार्थ आहे. ते १८३८ मध्ये निवर्तले, त्यानंतर नागरिकांनी वर्गणी काढली आणि उरलेला भार सरकारने उचलला. सरकार असे बरोबरीचे भागीदार असल्यावर नेमणुकाही त्याच्याच हाती राहणार हे उघड आहे. शिवाय भारतीय अध्यापकच हवेत अशी अट त्या वेळी घातली असती, तरी पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी घेतलेले भारतीय आणायचे कोठून? ग्रँटमधून पदवीधरांची पहिली तुकडी बाहेर पडली ती १८५१ मध्ये, डॉ. भाऊ दाजी लाड त्याच तुकडीतले. म्हणून ‘जेजेचे दान भाबडे आणि जीएसचे जागरूक’ अशी विभागणी मला अन्यायाची वाटते.

नायर रुग्णालयाचा उगम मात्र निराळा. तेथील महाविद्यालय १९२१ मध्ये असहकाराच्या लाटेत ‘नॅशनल’ म्हणून निघाले, रुग्णालय डॉ. ए. एल. नायर यांनी आपल्या आईच्या नावाने उभारले आणि महापालिकेकडे हे सर्व १९४६ मध्ये आले.

जुनी पाने
चाफा यांचा मुद्दा मान्य आहे. त्याला एक पुस्ती जोडतो : जीएसचे पहिले अधिष्ठाता डॉ. जीवराज मेहता, जे पुढे गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले, ते स्वतः ग्रँट मेडिकल कॉलेजचेच विद्यार्थी होते.