मदत हवी आहे: सरावात ६२५, स्पर्धेत ६१२. लेकीला कसं सावरू?

नमस्कार. माझी लेक सोळा वर्षांची आहे, दहा मीटर एअर रायफल खेळते. सरावात ६० शॉट्सना ६२४-६२५ सहज होतात. गेल्या दोन्ही स्पर्धांत मात्र ६१२च्या पुढे गेली नाही. आदल्या रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, सकाळी खाल्लेलं पोटात ठरत नाही.

परवा मी मागे बसून वहीत तिचे शॉट लिहीत होते. तेविसाव्याला ९.२ आला (एका शॉटला जास्तीत जास्त १०.९ मिळतात). तिने रायफल स्टँडवर टेकवली, हातमोजा काढून घामेजलेला तळवा पुसला आणि मान वळवून थेट माझ्याकडे बघितलं. सरांकडे नाही, माझ्याकडे. ती नजर काही केल्या डोळ्यांसमोरून हलत नाहीये.

तिच्या कपाटावर '६२८' लिहिलेला कागद मीच चिकटवलाय, ध्येय समोर असावं म्हणून. तो काढून टाकू का? की आईने आशाच सोडली असं तिला वाटेल? नात्यातल्या एकांनी छातीतली धडधड कमी करणारी गोळी सुचवलीय, ते स्वतः बीपीसाठी घेतात. पुढची स्पर्धा पाच आठवड्यांवर आहे. यातून गेलेल्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद

ताई, आधी गोळीचं. अजिबात देऊ नका. बीपीच्या अशा गोळ्या बहुधा बीटा ब्लॉकर असतात आणि नेमबाजीत त्यांवर बंदी आहे, स्पर्धा नसतानाच्या दिवसांतही.

मी आठ वर्षं रायफल खेळलो. कागद परस्पर काढू नका, तिलाच विचारा. ६२८ हा आकडा वर्षाच्या आखणीला ठीक, पण फायरिंग लाइनवर तिच्या हातात फक्त पुढचा शॉट असतो. पायांची ठेवण, श्वास, ट्रिगर, शॉट सुटल्यावरही क्षणभर तसंच थांबणं. ६० शॉट्सना ७५ मिनिटं मिळतात, त्यामुळे जमत नसेल तर रायफल खाली घेऊन पुन्हा उचलायला वेळ असतो. खाली घेणं म्हणजे घाबरणं नव्हे, हे मला फार उशिरा कळलं. आठवड्यातून एकदा रेंजवर पूर्ण मॅच लावायला सरांना सांगा. स्पर्धेचीच वेळ, तोच नाश्ता, मागे बोलणारी माणसं. आपल्या कोल्हापूरचा स्वप्नील कुसाळे २०२४ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलमध्ये (तिथली गुणांची मोजणी वेगळी) ५९० गुणांसह सातवा येऊन फायनलला गेला आणि कांस्य घेऊन आला. ती फायनल शून्यापासून सुरू झाली, मागचा आकडा सोबत आला नाही. एरवीही झोप लागत नसेल, उलट्या होत असतील, तर मात्र डॉक्टरांना दाखवाच.

मूळ धागाकर्ती

मनापासून आभार. गोळीला नाही म्हणून सांगितलं. काल तिला कागदाचं विचारलं. म्हणाली, "कागद राहू दे गं आई, पण तू वही आणू नकोस." वही आता येणार नाही. सांगली-कोल्हापूर भागात मराठीतून बोलणारे क्रीडा मानसशास्त्रज्ञ कुणाला माहीत आहेत का? ऑनलाइन असले तरी चालतील.