मदत हवी आहे: जुन्या ऑटोमॅटिक गाडीचा गिअरबॉक्स तिसऱ्या-चौथ्या गिअरला स्लिप होतोय

नमस्कार मंडळी,

गाडी २००६ ची आहे. पेट्रोल सेडान, टॉर्क कन्व्हर्टरवाला (इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग) ४ स्पीड ऑटोमॅटिक, १,४२,००० किमी झालेत. इंजिन अजून ठणठणीत आहे. गाडी बाबांची. त्यांच्या डाव्या पायाला लहानपणी पोलिओ झाला, क्लच दाबता येत नाही, म्हणून त्या वेळी मुद्दाम ऑटोमॅटिक शोधून घेतली होती. साताऱ्यात ते स्वतःच सगळीकडे गाडी चालवत जातात आणि महिन्यातून दोनदा पुण्याला माझ्याकडे येतात. त्यामुळे "विकून टाका" हा सल्ला कृपया देऊ नका. नवीन घेण्याइतके पैसे सध्या नाहीत आणि त्यांना एक आठवडासुद्धा गाडीशिवाय घरी बसवणं मला जड जातंय.

त्रास असा: सकाळी थंड असताना काहीच जाणवत नाही. अर्धा-पाऊण तास चालली की दुसऱ्यातून तिसरा पडताना इंजिन एकदम रेस होतं. काटा अडीच हजारावरून साडेतीन-चार हजारावर जातो आणि गाडी मात्र ओढत नाही. एक-दोन सेकंदांनी गिअर पकडतो. मागच्या रविवारी पुण्याहून साताऱ्याला जाताना खंबाटकी घाट चढत होतो. तिसऱ्यात पाय दाबला की नुसता आवाज, वेग उतरत चाललेला, मागून ट्रकचे हॉर्न. शेवटी बाबांनी लिव्हर २ वर ओढला आणि गाडी गुमान चढली. वर पोचेपर्यंत आम्ही दोघंही एक शब्द बोललो नाही.

पहिला, दुसरा आणि रिव्हर्स गरम असतानाही ठीक आहेत. चौथ्यात सपाट रस्त्याला जोर दिला तरी तसंच होतं. चेकलाइट लागला नव्हता, पण काल स्कॅनर लावला तर पी ०७३३ आणि पी ०७३४ हे बिघाडाचे कोड साठलेले निघाले. स्पीड सेन्सरचा एकही कोड नाही. डिपस्टिकवरचं ऑइल तपकिरी झालंय आणि त्याला करपलेला वास येतोय.

दोन ठिकाणी विचारलं. एकाने गाडी न चालवताच ९० हजार सांगितले, "पूर्ण ओव्हरहॉल, दुसरं काही नाही". दुसरा म्हणाला मशीन लावून फ्लश मारू, म्हणजे जुनं ऑइल दाबाने धुऊन काढू, सगळं सुटेल. आणखी एक गोष्ट सांगायला हवी. दिवाळीआधी सर्व्हिसिंगला दिली होती तेव्हा ऑइल कमी आहे म्हणून एक लिटर वरून ओतलं. बिलावर डेक्सरॉन ३ लिहिलंय आणि गाडीच्या मॅन्युअलमध्ये एसपी-३ आहे, म्हणजे ऑइलचा प्रकारच वेगळा. त्याने गिअरबॉक्समधल्या क्लचच्या प्लेटा (एकमेकींवर दाबून गिअर पकडणाऱ्या चकत्या) जळल्या असतील का? आणि गिअरबॉक्स उतरवण्याआधी मला घरी काय काय तपासता येईल?

प्रतिसाद:

तुम्ही लक्षणं नीट लिहिलीत, त्यामुळे अर्धं काम झालंय. एसपी-३ लागतं आणि ४ स्पीड आहे, म्हणजे आतली मांडणी बहुतेक अशी असणार (पायाचा क्लच नसला तरी ऑटोमॅटिकच्या आत ऑइलच्या दाबाने लागणारे क्लच आणि ब्रेक असतात): अंडरड्राइव्ह क्लच पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्यात लागतो. ओव्हरड्राइव्ह क्लच तिसऱ्या आणि चौथ्यात. सेकंड ब्रेक दुसऱ्या आणि चौथ्यात. रिव्हर्सचा क्लच वेगळाच. आता तुमचंच लिहिलेलं त्यावर ठेवून बघा. पहिला-दुसरा चांगला, म्हणजे अंडरड्राइव्ह क्लच आणि सेकंड ब्रेक दोन्ही पकडतायत. बिघडलेल्या तिसऱ्या-चौथ्यात सामाईक आणि चांगल्या गिअरांत नसलेली एकच गोष्ट उरते, ती ओव्हरड्राइव्ह क्लच. कोडसुद्धा तेच सांगतायत, ०७३३ तिसऱ्याचा आणि ०७३४ चौथ्याचा. पंप कमजोर असता तर सगळेच गिअर थोडेफार सुटले असते.

थंड असताना पकडतो आणि गरम झाल्यावर सुटतो, यावरून मला प्लेटा दाबणाऱ्या पिस्टनचं रबर किंवा सीलिंग रिंगा कडक झाल्याची शंका येते. गरम ऑइल पातळ होतं, फटीतून निसटतं, प्लेटांवर दाब पुरेसा बसत नाही. त्या घसटून जळतात आणि मग करपलेला वास येतो.

एक चाचणी करता येईल. गिअरबॉक्सवरचा सॉलेनॉइडचा (गिअर बदलणाऱ्या विजेच्या व्हॉल्व्हचा) कनेक्टर काढा आणि मोकळ्या, सपाट रस्त्यावर हळू चालवून बघा. या बॉक्समध्ये वीज तुटली की गाडी तिसऱ्यातच अडकून राहते, कसंबसं घरी पोचण्यापुरती. तशातही गरम झाल्यावर स्लिप झाली तर कॉम्प्युटर आणि वायरिंग यांच्यावरचा संशय बहुतेक मिटला. जोर देऊ नका आणि दोन-तीन किलोमीटरच्या वर जाऊ नका.

स्टॉल टेस्ट (ब्रेक दाबून धरून गिअरमध्ये पूर्ण रेस देणं) मात्र कोणालाही करू देऊ नका. ती डी मध्ये केली तरी गाडी पहिल्याच गिअरात असते, तुमचा आजार तिथे दिसणारच नाही आणि ऑइल उगाच तापेल.

प्रतिसाद:

डेक्सरॉनबद्दल: दोन्ही ऑइलांचं घर्षण वेगळं असतं, चुकीचं ओतायला नको होतं हे खरंच. पण पावणेआठ लिटरच्या आसपास ऑइल मावणाऱ्या बॉक्समध्ये एका लिटरने प्लेटा जळत नाहीत. मला तुमच्या त्याच वाक्यात दुसरी गोष्ट खटकली. एक लिटर कमी का होतं? इंजिन ऑइल थोडं जळतं, गिअरबॉक्सचं ऑइल जळून कमी होत नाही. कमी झालं म्हणजे कुठून तरी गेलं. आणि ते दिवाळीआधी किती महिने कमी होतं, हे कोणालाच माहीत नाही. ऑइल कमी असलं की चढावर पंप हवा ओढतो, दाब पडतो आणि जो क्लच सगळ्यात अशक्त तो आधी जातो.

आधी ड्राइव्ह शाफ्टचे (गिअरबॉक्समधून चाकांकडे जाणाऱ्या दांड्यांचे) दोन्ही सील बघा, मग गिअरबॉक्सचं ऑइल थंड करणाऱ्या कूलरचे पाइप. रेडिएटरचं झाकण इंजिन थंड असताना उघडा. पाण्यावर तवंग असेल किंवा डिपस्टिकवर गुलाबी दुधासारखं काही दिसलं तर रेडिएटरमधला कूलर फुटलाय. तसं असेल तर त्या दिवसापासून गाडी चालवायचीच नाही.

ऑइल बघण्याची पद्धतही चुकते लोकांची. गाडी नीट तापलेली हवी, सपाट जागा, इंजिन चालू, ब्रेक दाबून लिव्हर सगळ्या जागांवरून फिरवायचा आणि मॅन्युअल सांगेल त्या जागी, या बॉक्सला बहुतेक एन वर, ठेवून काठी काढायची.

धागाकर्ता:

दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री इथे परत परत वाचलं आणि आज सुट्टी टाकून साताऱ्याला आलो.

रेडिएटरचं पाणी स्वच्छ आहे. डाव्या ड्राइव्ह शाफ्टच्या सीलभोवती मात्र ओलं आणि त्यावर धुळीचा जाड थर. बाबा म्हणाले, पार्किंगमध्ये तो डाग पावसाळ्यापासून दिसत होता, त्यांना एसीचं पाणी वाटलं. ऑइल तुम्ही सांगितलं तसं बघितलं, तर आत्ताही खालच्या खुणेच्या खाली आहे. म्हणजे दिवाळीपासून पुन्हा गळलंय. कनेक्टर काढूनही बघितला. थंड असताना छान चालली, तापल्यावर एका छोट्या चढाला तिसऱ्यात तशीच रेस झाली.

आता फक्त सील बदलून योग्य ऑइल भरलं तर काही दिवस निघतील का, की ते पैसे वाया? आणि कुर्ल्याच्या जुन्या पार्टांच्या बाजारातून जुना गिअरबॉक्स आणून बसवण्याबद्दल काय मत आहे?

प्रतिसाद:

सील तर बदलावाच लागेल, तो खर्च वाया नाही. पण जळलेली प्लेट नव्या ऑइलने परत उगवत नाही. फ्लशचं मशीन लावू नका, आतला गाळ सुटून व्हॉल्व्ह बॉडीत (क्लचांकडे ऑइल वळवणाऱ्या भागात) अडकू शकतो. नट खोलून निघेल तेवढं काढायचं आणि तेवढंच भरायचं. त्याच वेळी लोखंडाचा चुरा पकडणारं मॅग्नेट बघा. मऊ राखाडी लेप चालतो, चकचकीत कपच्या चालत नाहीत.

९० हजार देण्याआधी एक गोष्ट मागा. व्हॉल्व्ह बॉडी उतरवली की केसिंगमध्ये ऑइलची भोकं दिसतात. ओव्हरड्राइव्हच्या भोकात कोरडी हवा हलक्या दाबाने मारायची. पिस्टन चांगला असेल तर आतून "धप्प" असा एकच आवाज येतो. नुसती फुस्स ऐकू आली तर सील गेलाय, हे बॉक्स न उतरवता कळतं. मग बॉक्स उघडताना सगळ्या रिंगा, सील, ओव्हरड्राइव्हच्या प्लेटा आणि फिल्टर एकदम बदला, कूलरचे पाइप धुवा आणि कन्व्हर्टरमधलं जुनं ऑइल काढा. नुसत्या प्लेटा टाकल्या तर सहा महिन्यांत परत तिथेच याल.

जुना बॉक्स आणलात तर तोही वीस वर्षांचाच असणार, त्याची रबरंही तेवढीच कडक.

धागाकर्ता:

पटलं. जुन्या बॉक्सचा विचार सोडला. सील आणि ऑइल या आठवड्यात, तोवर बाबा गावातच आणि घाट पूर्ण बंद. ते कबूल झालेत, नाराजीनेच.

आता एवढंच हवंय: सातारा, कऱ्हाड किंवा पुण्यात व्हॉल्व्ह बॉडी उतरवून हवेची चाचणी माझ्यासमोर करून दाखवेल असा ऑटोमॅटिकचा कारागीर कोणाच्या माहितीत आहे का? नाव-नंबर इथे नको, निरोपातून कळवा. गाडी मी स्वतः टो करून आणीन.