चार फटक्यांनी मूल वळणाला लागतं की मारायला शिकतं?

गच्चीवरून:
'चार फटके दिल्याशिवाय मुलांना वळण लागत नाही,' असं परवा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एकाने लिहिलं आणि पटापट अंगठे पडले. मला हे अजिबात पटत नाही. त्या फटक्यांतून मूल सगळ्यात आधी मारायचं कसं, हेच शिकतं.

अल्बर्ट बांडुरा, डोरोथिया रॉस आणि शीला रॉस या मानसशास्त्रज्ञांनी १९६१ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतल्या ७२ मुलांवर प्रयोग केला. वयं साधारण तीन ते पावणेसहा. काही मुलांसमोर एका मोठ्या माणसाने हवा भरलेल्या बाहुल्याला आडवं पाडलं, वर बसून नाकावर गुद्दे घातले, लाकडी हातोडा डोक्यात हाणला. काहींनी शांतपणे खेळणारा माणूस पाहिला, उरलेल्यांनी कोणालाच नाही. मग सगळ्यांना छान खेळणी दाखवून लगेच काढून घेतली आणि दुसऱ्या खोलीत नेलं. तिथे बाहुल्यासोबत चहाचा सेट, रंगखडू, गाड्याही होत्या. तरी मारहाण पाहिलेल्या कितीतरी मुलांनी तस्सेच गुद्दे, तोच हातोडा, अगदी तीच वाक्यं उचलली.

विहीर:
अहो, तो बाहुला मारण्यासाठीच बनवलेला! पाडला की परत उभा राहतो. मुलांना वाटलं, इथे हाच खेळ आहे. नंतरच्या एका अभ्यासात त्या बाहुल्याशी आधी खेळलेल्या मुलांनी नक्कल बरीच कमी केली होती. खेळण्याला मारणं आणि शेजारच्या मुलाचं डोकं फोडणं यात फरक आहे की नाही? आम्ही दोघं भाऊ एकाच बापाचा मार खात वाढलो. दादाने आजवर कुणावर हात उगारलेला नाही, मी तापट. बघूनच शिकायचं तर दोघंही सारखे निघायला हवे होते.

गच्चीवरून:
तुमच्या दादांचं उत्तर बांडुरांच्या १९६५च्या प्रयोगात आहे. मुलांना फिल्म दाखवली. कुठे मारणाऱ्याला बक्षीस, कुठे शिक्षा, कुठे काहीच नाही. शिक्षा पाहिलेल्यांनी नक्कल कमी केली. पण नंतर 'त्याने काय काय केलं ते करून दाखव, सरबत आणि स्टिकर देतो' म्हटल्यावर त्यांनीही इतरांइतकंच करून दाखवलं. म्हणजे शिकले सगळेच होते, काहींनी ते बाहेर काढलं नव्हतं एवढंच. मुलामुलींमधला फरकही तेव्हा खूपच कमी झाला.

पाटीपेन्सिल:
मी बालवाडीत शिकवते. आमच्याकडे छडी नाही, कुणी मुलांवर हात टाकत नाही. तरी मुलं 'शाळा शाळा' खेळायला बसली की बाई झालेलं मूल पहिल्यांदा पट्टी शोधतं. एक चार वर्षांची मुलगी उशांना ओळीत बसवते, एकेकीला 'हात पुढे कर' म्हणते आणि पट्टी मारण्याआधी स्वतःच्या तळहातावर दोनदा आपटून बघते. ती लकब बघूनच उचललेली आहे. घरी मोठ्या बहिणीचा अभ्यास घेताना काय चालतं, ते मला त्या दोन आपटण्यांतून कळलं. त्या पोरीने अजून वर्गात कुणाला मारलेलं नाही, हेही सांगते.

विहीर:
ताई, तुमचं शेवटचं वाक्य माझ्याच बाजूचं आहे. लकब उचलली हे मान्य. पण मारत नाही ना ती?

पाटीपेन्सिल:
आज नाही मारत, कारण वर्गात तिच्याहून लहान कोणी नाही. जूनमध्ये नवी पोरं येतील तेव्हा मला तिच्यावर लक्ष ठेवावं लागणार आहे.

उंबरठा:
शिक्षण हक्क कायदा, २००९च्या कलम १७ ने शाळेत शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी घातली. स्वीडनने तर १९७९ मध्येच आईवडिलांनाही मनाई केली. आपल्याकडे घरच्या माराबद्दल तितका स्पष्ट कायदा नाही, आणि मूल सगळ्यात जास्त बघतं ते घरातच.

विहीर:
घरात पोलीस आणण्याला माझा विरोध राहील. हाताबाहेर गेलेल्या पोराला आवरायचं कसं, ते तुमच्यापैकी कुणी अजून सांगितलेलं नाही. बालवाडीत तुम्ही काय करता, ताई? एखादा चावला, ढकललं त्याने, तर त्याच क्षणी काय करता?

पाटीपेन्सिल:
आधी दोघांच्या मध्ये बसते. मारणाऱ्याचे हात माझ्या हातात घेते, दाबत नाही, आणि आवाज मुद्दाम खाली आणते. बाकीची पंधरा-वीस पोरं त्या वेळी त्याच्याकडे बघत नसतात, माझ्याकडे बघत असतात.